पाच फंड, एकच पीक

या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक पाच म्युच्युअल फंडांची स्टेटमेंट घेऊन घरी आले. “तुमचं वाचूनच पैसे पाच ठिकाणी टाकले,” म्हणाले. पाचही योजना लार्ज कॅप! वाईट वाटलं, आणि रागही आला. सरांचा नाही, त्यांच्याकडून हे पाच फॉर्म भरून घेणाऱ्याचा.

सेबीच्या नियमानुसार लार्ज कॅप योजनेचे किमान 80 टक्के पैसे बाजारमूल्यानं पहिल्या 100 कंपन्यांतच असावे लागतात. फंड मॅनेजर पाच, पण निवड त्याच शंभर नावांतून.

मराठवाड्यातला शेतकरी सोयाबीनमध्ये तूर पेरतो, ती काही हौस म्हणून नव्हे. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघतं, तूर पुढेही दोन-तीन महिने उभी असते. ऑगस्टात पावसानं ओढ दिली की सोयाबीनच्या शेंगा भरत नाहीत. तुरीचं मूळ खोल, ती तग धरते आणि परतीच्या पावसावर सावरते. उलट हिवाळ्यात ढगाळ हवेनं तुरीवर शेंगा पोखरणारी अळी पडली, तर तोवर सोयाबीन घरात आलेलं असतं. दोघांचे शत्रू वेगळे, संकटाची वेळ वेगळी. त्याच शेतकऱ्यानं पाच तुकड्यांत सोयाबीनचेच पाच वाण पेरले, तर पावसाचा एक मोठा खंड पाचही तुकडे झोपवील. सरांचं नेमकं हेच झालंय.

तुरीच्या ओळींना जागा दिली की सोयाबीन थोडं कमी येतं, ते सोसावं लागतं. तसंच बाजार तेजीत असताना ठेवी आणि सोनं तुमचा एकूण परतावा खाली ओढणारच. पण 2008 मध्ये सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून जास्त घसरला, तेव्हा रुपयांतलं सोनं चढलं होतं.

सगळं एकाच ठिकाणी अडकलं की बँकही अडचणीत येते; पीएमसी ही सहकारी बँक आठवा. कर्जाचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला आणि सप्टेंबर 2019 मध्ये ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा मिळाली. आज ठेव विमा 5 लाखांचा आहे, तोही एका बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या तुमच्या ठेवींची बेरीज धरून. पतपेढीच्या ठेवीला तो लागूच नाही. ज्या घरातली सगळी बचत एका पतपेढीत, त्या घरातले फंडही एकाच छापाचे असतात, असं माझं पक्कं मत आहे.

सरांना मी पाचांपैकी एकच योजना ठेवायला सांगितली. बाकीची रक्कम करभाराचा हिशेब करून हळूहळू ठेवी, सरकारी रोखे आणि थोड्या सोन्याकडे वळेल.

तुमच्या फंडांची मासिक फॅक्टशीट त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. या रविवारी सगळ्या शेजारी शेजारी ठेवा आणि पहिल्या दहा कंपन्यांत जी नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्याखाली रेघ मारा.