गिधाडे, औषधे आणि सरकारी दिरंगाई

गिधाडावर अग्रलेख लिहावा हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु शास्त्रीय संस्था आणि राज्यकारभार यांचा संबंध कसा असावा, आणि कसा नसावा, हे या कुरूप पक्ष्याच्या कहाणीवरून जितके स्पष्ट होते तितके परिषदांतील ठरावांवरून होत नाही.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईच्या आठ नागरिकांनी स्थापन केली. त्यांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे महाराष्ट्रीय होते, याचे स्मरण आज थोड्यांनाच असेल. याच संस्थेचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८०च्या दशकात गिधाडांची मोजदाद केली होती. पुढील दशकाच्या अखेरीस त्यांनी ती पुन्हा केली, तेव्हा संख्या कोसळल्याचे दिसून आले. ही वार्ता १९९९ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जुनी नोंद हाती नसती तर तुलना तरी कशाशी करावयाची? पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारांत जेमतेम एक उरली.

प्रथम संशय साथीच्या रोगाचा होता. २००४ साली पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून खरे कारण उघड झाले. गुरांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, गुरू मेल्यावर गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. एका कलेवरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. त्यामुळे शंभरांत एकाहून कमी कलेवरे विषारी असली तरी एवढ्या संहारास पुरेशी होती.

सरकारने २००६ साली गुरांसाठी या औषधास बंदी केली, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्यायही त्याच सुमारास सिद्ध झाला होता. परंतु माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या राजरोस गोठ्यांत पोहोचतच राहिल्या. त्या ३ मिलिलिटरवर आणण्यास २०१५ साल उजाडले. केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांवरील बंदी २०२३ ची, निमेसुलाइडवरील २०२४ च्या अखेरची! वर्षाकाठी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्यास ही दिरंगाई कशी परवडावी?

संशोधकांनी प्रत्येक औषधामागे धावत त्याचा घातकपणा सिद्ध करावा आणि तोवर त्याची विक्री चालू राहावी, हा क्रमच आम्हांस उलटा वाटतो. गुरांसाठी नवे वेदनाशामक बाजारात आणणाऱ्याने ते गिधाडांस अपायकारक नाही हे आधी दाखवून द्यावे. तसेच वर्षानुवर्षे चालणाऱ्या, वर्तमानपत्रांत न झळकणाऱ्या मोजदादीस सरकारने कायम अनुदान द्यावे. संस्था गोरेगावच्या केंद्रात शाळकरी मुलांस निसर्ग दाखविते, ते स्तुत्यच आहे. पण हा धडा गुरांच्या डॉक्टरांस आणि औषधविक्रेत्यांस मिळणे अधिक निकडीचे आहे.

हरियाणातील पिंजोर येथे जोपासलेली काही गिधाडे २०२४ साली ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. त्या जंगलांभोवतालच्या गावांत गुरांना कोणती औषधे टोचली जातात, याची तपासणी राज्य सरकारने विनाविलंब हाती घ्यावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर करावेत.