खाडीला गोडं पाणी कशाला?

महाबळेश्वरचं पाणी दोन वाटांनी खारफुटीपर्यंत पोचतं. सावित्री पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत उतरते. कोयना तशी पूर्वेची नदी. पण विजेसाठी तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला येतं आणि वीज तयार झाल्यावर सोडलेलं हे पाणी, म्हणजेच अवजल, वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. हे अवजल समुद्रात वाया जातं, ते दुसरीकडे न्यावं, असं ठासून सांगितलं जातं. खाडीचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: तिथली खारफुटी मिठावरच जगते, तिला गोडं पाणी कशाला?

हा समज मुळातच चुकीचा आहे. खारफुटी मीठ सोसते, एवढंच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. कांदळाचं झाड त्यातले बहुतेक मुळांशीच अडवतं. तिवराचं झाड काही आत घेतं आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत पानावरचे मिठाचे कण बोटाला लागतात. या कामात खर्ची पडणारी शक्ती वाढीतून वजा होते. म्हणून अतिखारट जागी तिवर खुरटतं. अनेक जातींची रोपं समुद्राच्या पाव ते निम्म्या खारटपणात सर्वांत जोमानं वाढतात, आणि खाडीचा खारटपणा उतरवणारं पाणी डोंगरावरूनच येतं. कोयनेचं पाणी माणसानं वळवलेलं आहे, हे खरं. पण साठ वर्षांहून अधिक काळ खाडी त्यावर बेतली गेली आहे.

दुसरा युक्तिवाद खारफुटीच्या प्रेमापोटी होतो: पानं औषधी आहेत, म्हणून झाडं वाचवा. मारांडी या खारफुटीतल्या झुडपाच्या पानांनी सांधे शेकण्याची परंपरा आहे, काही पानांच्या अर्कांनी प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखली आहे. पण तिथून माणसाच्या औषधापर्यंत चाचण्यांची लांब वाट आहे. खारफुटीतल्याच गेवा या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी तात्पुरती जाऊ शकते. पाला उकळून पिण्याचे सल्ले देणाऱ्यांनी हे तरी ध्यानात घ्यावं. शिवाय उद्या औषध ठरलं नाही, तर झाड तोडायचं का? त्याच्या मुळांत मासे-कोळंबीची पिल्लं वाढतात, लाटांचा जोर मोडतो. रक्षणाला एवढं कारण पुरेसं आहे.

अवजल दुसरीकडे न्यायच्या मागणीमागची तहान खोटी नाही. मात्र कोणतीही योजना आखताना आधी दाभोळच्या खाडीचा खारटपणा ऋतूनुसार मोजावा, तिचा वाटा ठरवावा, आणि मगच उरलेल्या पाण्याची वाटणी करावी.