प्रशिक्षकाच्या दालनातला न्याय

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात वेको येथे बेलर नावाचे बाप्टिस्ट पंथीयांचे विद्यापीठ आहे. २०१४ साली या विद्यापीठाने ब्राझोस नदीच्या काठी सुमारे २६ कोटी ६० लाख डॉलर खर्चून फुटबॉलचे नवे क्रीडांगण उभारले. त्याच वर्षाचा नोव्हेंबर उजाडेपर्यंत विद्यार्थिनींवरील लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पाहण्यासाठी या विद्यापीठात एकही पूर्णवेळ अधिकारी नव्हता. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा संघीय कायदा १९७२ सालचा. त्याखालील जबाबदारीची आठवण देणारे सरकारी पत्र २०११ साली देशभरच्या संस्थांना गेले होते. जानेवारी २०१४ मध्ये तर याच संघातील एका माजी खेळाडूला बलात्काराबद्दल २० वर्षांचा तुरुंगवास झाला होता. क्रीडांगणासाठी कोट्यवधी डॉलर उभे राहिले, पण एका अधिकाऱ्याच्या पगाराची तरतूद सुचायला तेवढा वेळ लागला.

पुढे बोभाटा झाला तेव्हा विद्यापीठाने एका वकिली कंपनीकडून चौकशी करविली. मे २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यांतील अत्यंत लाजिरवाणा भाग असा की, फुटबॉल विभागातील माणसे तक्रारींची चौकशी स्वतःच उरकीत होती. या कामाचे कसलेही शिक्षण त्यांना नव्हते, विद्यापीठाच्या नियमांत त्यांना तसा अधिकारही नव्हता. तक्रार करणाऱ्या मुलीच कशा अविश्वासार्ह आहेत हे ठरवून त्यांनी प्रकरणे मिटविली आणि निःपक्ष चौकशीचा त्या मुलींचा हक्क बुडविला. मुख्य प्रशिक्षकाला घरी पाठविण्यात आले आणि विद्यापीठाचे अध्यक्ष केनेथ स्टार यांना अध्यक्षपदावरून दूर व्हावे लागले. (नव्वदीच्या दशकात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या खाजगी वर्तनाचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरविणारे ते हेच स्टार. आपल्याच आवारातील विद्यार्थिनींचा आक्रोश मात्र त्यांच्या कानी वेळेवर पोचला नाही.) जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या पदरात सुमारे दीड कोटी डॉलर पडले. चौकशीचा संपूर्ण लेखी अहवाल कधी तयारच झाला नाही. विश्वस्तांना सारे तोंडी सांगण्यात आले आणि जनतेच्या हाती तेरा पानांचा गोषवारा आला.

यावर कळस चढविला तो एन.सी.ए.ए. या महाविद्यालयीन खेळांच्या सर्वोच्च संघटनेने. ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या समितीने निर्णय दिला की, घडले ते निंद्य खरे, परंतु त्यामुळे संघटनेच्या कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. तक्रारी दडपण्याचा दोष साऱ्या विद्यापीठातच मुरलेला होता, म्हणून खेळाडूंना काही खास सवलत मिळाली असे म्हणता येत नाही! समितीने हे मोठ्या नाखुशीने मान्य केले, एवढेच तिच्या बाजूने सांगता येईल. इतर किरकोळ नियमभंगांबद्दल दंड झाला तो पाच हजार डॉलरचा. खेळाडूला कोणी काय भेट दिली याचा हिशेब अनेक दशके काटेकोरपणे ठेवणाऱ्या या संघटनेच्या नियमावलीत विद्यार्थिनीच्या देहाला जागा नव्हती.

अशी प्रकरणे उघडकीस आली की एखादा प्रशिक्षक वाईट निघाला म्हणून हळहळण्याची आणि त्याच्या जागी सज्जन माणूस नेमण्याची रीत आहे. परंतु प्रश्न सज्जनपणाचा नाही. ज्याचे वेतन, मानमरातब आणि पुढचा करार शनिवारच्या सामन्याच्या निकालावर ठरतो, त्याच्याच हाती त्या सामन्यातील मुख्य खेळाडूवरील आरोपाचा निवाडा सोपविणे हे न्यायतत्त्वाच्या मुळावरच येणारे आहे. गिरणीमालकाने आपल्याच जॉबरविरुद्धची तक्रार आपल्याच कचेरीत बसून निकालात काढावी, तसलाच हा प्रकार. १९९८ साली ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या दोन फुटबॉलपटूंसह चौघांविरुद्ध एका स्त्रीने सामूहिक बलात्काराची तक्रार केली. खटला उभा राहिला नाही आणि त्या दोघा खेळाडूंना संघाने दिलेली शिक्षा होती एका सामन्याला मुकण्याची. सरावाला उशिरा येणाऱ्यालाही एवढी शिक्षा होऊ शकते! त्या स्त्रीने २०१४ साली आपले नाव लपविण्याचे नाकारून सारे जाहीरपणे सांगितले, तेव्हा कोठे विद्यापीठाला खंत करण्याची आठवण झाली.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि पुरोगामी म्हणविणाऱ्यांनी तिच्याकडे अधिक निर्भयपणे पाहिले पाहिजे, कारण तेथे चूक त्यांच्या बाजूनेही झाली. मार्च २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातील खेळाडूंवर बलात्काराचा आरोप आला. तक्रार करणारी स्त्री कृष्णवर्णीय आणि गरीब, तर आरोपी गोरे आणि सुखवस्तू घरांतले. शोषणाचे इतके आखीवरेखीव चित्र समोर आल्यावर पुराव्याची वाट पाहण्याचे भान अनेकांना राहिले नाही. प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला, संघाचा उरलेला हंगाम रद्द झाला आणि ८८ प्राध्यापकांच्या नावाची जाहिरात विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात झळकली. हे सारे अवघ्या काही आठवड्यांत, एकाही खेळाडूवर आरोपपत्र येण्याआधी घडले. पुढे तिघांवर आरोप ठेवण्यात आले. निवडणुकीला उभ्या असलेल्या सरकारी वकिलाने आरोपींना अनुकूल असणारा डी.एन.ए. तपासणीचा पुरावा दडवून ठेवला. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी खटला काढून घेताना तिघे निर्दोष असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि जूनमध्ये त्या सरकारी वकिलाची सनद गेली. खुद्द तक्रारदार स्त्रीने डिसेंबर २०२४ मध्ये आपण खोटे बोललो असल्याचे कबूल केले. वर्गसंघर्षाचे सिद्धान्त एखाद्या रात्री एखाद्या घरात काय घडले ते सांगू शकत नाहीत. ते शोधूनच काढावे लागते.

तेव्हापासून प्रत्येक तक्रारदार स्त्रीच्या तोंडावर ड्यूकचे नाव फेकले जाते. ही मखलाशी आहे. ड्यूकच्या तिघांना नामांकित वकील परवडले, म्हणून सत्य बाहेर आले. ज्याचे आईबाप एका वकिलाचीही फी भरू शकत नाहीत आणि केवळ फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर जो विद्यापीठात आला आहे, त्या कृष्णवर्णीय तरुणावर खोटा आरोप आला तर त्याचे कोण? त्याचे नाणे खणखणीत असेतो विद्यापीठ त्याला पाठीशी घालील आणि गुडघा दुखावून तो निरुपयोगी ठरला की शिस्तीच्या नावाने त्याला दारही दाखवील. खेळाडूला पाठीशी घालणे आणि खेळाडूला बळी देणे या दोन्ही कृतींमागील हिशेब एकच असतो. दोन्ही वेळी तक्रारदार मुलीचा प्रश्न बाजूलाच राहतो.

मिनेसोटा विद्यापीठात २०१६ च्या डिसेंबरात जे घडले ते या दृष्टीने फार बोलके आहे. विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघातील दहा खेळाडूंना निलंबित केले. सरकारी वकिलांनी त्या प्रकरणी खटला भरण्याचे आधीच नाकारले होते. सहकाऱ्यांना म्हणणे मांडू न देताच शिक्षा होत आहे, असे म्हणत उरलेल्या संघाने हंगामाच्या शेवटच्या मोठ्या सामन्यावर बहिष्कार जाहीर केला. प्रशिक्षकानेही त्यांची पाठ थोपटली. कामगारांच्या संपाशी नाते सांगणाऱ्या कोणालाही या पोरांच्या एकजुटीचे प्रथमदर्शनी कौतुक वाटले असते आणि सुनावणीआधी शिक्षा का, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवीही नव्हता. पण मागणी काय केली? केवळ रीतसर सुनावणीची नव्हे, तर दहाही जणांना परत घेण्याची. विद्यापीठाच्या चौकशीचा सुमारे ऐंशी पानांचा अहवाल त्यांनी पाहिलाच नव्हता. एका दूरचित्रवाणी केंद्राने तो उघड केला आणि दोन दिवसांतच बहिष्कार विरघळला. पुढे रीतसर सुनावणी झाली, तेव्हा काहींना काढून टाकण्यात आले, काहींचे निलंबन झाले आणि काही निर्दोष ठरले. म्हणजे दहांची एकच मोट बांधणारे विद्यापीठही चुकले आणि दहांना एकगठ्ठा निर्दोष मानणारा संघही चुकला. त्या खेळाडूंची स्वतःची संघटना असती, तिचा स्वतःचा वकील असता, तर त्यांचा संताप न्याय्य मागणीकडे वळला असता. प्रशिक्षकाला जानेवारीत काढून टाकण्यात आले.

शिकागोनजीकच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२३ साली निराळेच नाट्य झाले. फुटबॉल संघात नवख्या खेळाडूंचा अमानुष छळ होतो, अशा तक्रारीवरून एका वकील बाईंकडून चौकशी करविण्यात आली. अहवाल गुलदस्तात ठेवून ७ जुलैला प्रशिक्षकाला दोन आठवडे विनावेतन निलंबनाची शिक्षा जाहीर झाली. तीही सुट्टीच्या दिवसांत! दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छळाचे तपशील छापले आणि १० जुलैला विद्यापीठाने त्याच प्रशिक्षकाला बडतर्फ केले. पुरावा तोच, माणूस तोच, शिक्षा मात्र तीन दिवसांत दोन आठवड्यांवरून नोकरी जाण्यापर्यंत पोचली. बदलली ती फक्त वाचकांची संख्या. प्रशिक्षक कोर्टात गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली. कोणा खेळाडूने छळाची तक्रार त्याच्याकडे केली किंवा त्याने छळाला मान्यता दिली असे पुराव्यावरून सिद्ध झाले नाही, असे विद्यापीठानेच मग सांगितले. ज्या पोरांनी छळ सोसला, त्यांना या साऱ्यातून काय मिळाले हे विचारण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

सरकारी नियमांनी तरी काही स्थैर्य द्यावे, तर तेथेही दर निवडणुकीला वारे फिरते. २०११ चे पत्र २०१७ मध्ये मागे घेतले गेले. २०२० च्या नियमांनी प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी आणली. २०२४ मध्ये नवे नियम लागू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतील संघीय न्यायालयाने ते रद्द केल्यावर पुन्हा २०२० चे आले. खेळाडूंनी आपल्यावरील गंभीर प्रकरणांची माहिती दरसाल स्वतः द्यावी आणि विद्यापीठ बदलणाऱ्याची चौकशी आधीच्या विद्यापीठाकडे करावी, असे एन.सी.ए.ए.ने २०२० साली ठरविले ते योग्यच झाले. एका ठिकाणाहून काढलेला खेळाडू दुसऱ्या ठिकाणी गाजावाजाने मिरविण्याला त्याने थोडा तरी पायबंद बसेल. पण मूळ चौकशीच लबाडीची असेल तर तिचा निकाल पुढच्या विद्यापीठाला कळून काय होणार?

म्हणून संघाने अशा आरोपाबाबत काय करावे याचे पहिले उत्तर असे की, संघाने निवाडा करूच नये. प्रशिक्षकाचे काम एकच : तक्रार कानी येताच ती लेखी स्वरूपात क्रीडाविभागाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी पोचविणे. तक्रारदाराला भेटणे, तिच्या वडिलांना फोन करणे, 'मुलगा चांगल्या घरचा आहे' असे सुचविणे ही त्याची कामे नव्हेत. भारतातील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत एक शहाणपणाची अट आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख अशा अधिकारपदस्थांना तक्रार समितीवर बसता येत नाही, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी निवडून यावे लागतात आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करावी लागते. या अटींचे येथे काय होते ते सर्वश्रुत आहे. दिल्लीत कुस्तीगीर महिलांना २०२३ साली पोलिसांत गुन्हा नोंदविला जावा एवढ्यासाठी रस्त्यावर बसून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तरीही तत्त्व म्हणून ही अट अमेरिकन विद्यापीठांनी उचलावी अशीच आहे.

निलंबनाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही. इलिनॉय विद्यापीठाने डिसेंबर २०२३ मध्ये बलात्काराचा आरोप आलेल्या आपल्या बास्केटबॉलपटूला क्रीडाविभागाच्या स्वतःच्या नियमांखाली निलंबित केले. महिन्याभरातच संघीय न्यायालयाच्या हुकुमाने तो मैदानात परतला आणि जून २०२४ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. न्यायालयाने खेळू दिले म्हणून विद्यापीठाची चिंता खोटी ठरत नाही. पण त्याचे म्हणणे धड न ऐकता त्याच्या आयुष्यातला निर्णायक हंगाम हिरावून घेणेही समर्थनीय नव्हते. भारतातील कामगारांनी या पेचातून फार पूर्वी वाट काढली आहे. चौकशी चालू असता कामगाराला कामावरून दूर ठेवता येते, परंतु ते दूर ठेवणे शिक्षा नव्हे. म्हणूनच पहिले नव्वद दिवस त्याला अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यावा लागतो आणि लांबण लागली तर तो वाढतो. खेळाडूला हेच लागू करावे. त्याला संघाबाहेर ठेवायचे तर क्रीडाविभागाबाहेरच्या मंडळाने त्याचे म्हणणे ऐकून, कारणे लिहून, ठराविक मुदतीपुरते ठेवावे. शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि वर्ग चालू राहावेत. तक्रारदार विद्यार्थिनीला तिचा वर्ग किंवा खोली बदलायला लावू नये. बदलायचीच असेल तर आरोपीची बदलावी.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार मोठ्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे; २०२५-२६ या पहिल्या वर्षी तिची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. हौशी खेळाडूंचे पवित्र सोंग आता संपले. जो मोबदला घेऊन खेळतो तो कामगार आहे. त्याला संघटनेचा, वकिलाचा आणि रीतसर चौकशीचा हक्क आहे, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या मुलीलाही विद्यापीठाच्या खर्चाने वकील मिळण्याचा तितकाच हक्क आहे. खेळाडूंसाठी एवढी रक्कम काढणाऱ्यांनी दोन्ही बाजूंचे वकील आणि एक स्वतंत्र चौकशी अधिकारी यांचा खर्चही काढावा. हा पैसा क्रीडाविभागाच्या खात्यातून येता कामा नये, आणि त्या अधिकाऱ्याच्या नेमणुकीवर प्रशिक्षकाची सही असता कामा नये.