निवाऱ्यापलीकडचा हक्क

मुळशी तालुक्यातील कोळवणच्या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ ही बौद्धिक दिव्यांग प्रौढांची निवासी वसाहत १९९४ पासून उभी आहे. अशा संस्थांकडे समाज कृतज्ञतेने पाहतो, यथाशक्ती देणगी देतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. परंतु निवाऱ्याची सोय झाली म्हणजे माणसाचा प्रश्न सुटला काय? बाजारात जाणे, आप्तांना भेटणे, मतदान करणे किंवा नुसतेच हिंडून येणे, यासाठी लागणारा पैसा आणि सोबत कोणी पुरवावयाची?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न २०१० साली ऐरणीवर आला. निवासी संस्थांतील सुमारे ८० हजार अपंगांचा प्रवासभत्ता बंद करण्याचे तेथील सरकारने काटकसरीच्या नावाखाली ठरविले. संस्था हा खर्च करतातच, मग दुहेरी पैसा कशाला, असा युक्तिवाद होता. स्वतः दृष्टिहीन असलेल्या लॉर्ड लो यांच्या स्वतंत्र चौकशीने त्यातील फोलपणा दाखवून दिला. अपंगांच्या संघटनांनीही रान उठविले. अखेर डिसेंबर २०११ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

आपल्याकडे एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. पण ज्याला गाडीची पायरी चढवत नाही वा एकट्याने प्रवास करवत नाही, त्याच्यासाठी ती कागदावरच राहते. केंद्र सरकारने आपल्या अंध व अस्थिव्यंग कर्मचाऱ्यांना १९७८ मध्येच वाहनभत्ता लागू केला. म्हणजे अपंगाच्या प्रवासाला अधिक खर्च येतो, हे तत्त्व शासनास मान्य आहे. मात्र ते कचेरीच्या दारापर्यंतच! जो ‘उत्पादक’ नाही त्याने घराबाहेर पडावेच कशाला, हा नफ्यातोट्याचा हिशेब यामागे आहे. समाजवाद्यांनी तो नाकारलाच पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. चार भिंतींत तो हक्क बजावता येत नाही. म्हणून संस्थेतील प्रत्येक दिव्यांगास प्रवासभत्ता मिळावा, सोबत्याचा खर्च मिळावा, आणि ही रक्कम त्याच्याच नावे असावी. संस्थेच्या अनुदानात ती मिसळली, तर ओढगस्तीच्या दिवसांत ती प्रथम स्वयंपाकघरातच खर्ची पडणार. त्याचा दोष संस्थाचालकांना देता येणार नाही.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्या यादीत संस्थेतील रहिवाशांची नावे आहेत काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत विचारावा. लढ्याचा आरंभ तेथूनच होईल.