कढीपत्ता ताटाबाहेर का?



आमटीत, पोह्यात कढीपत्ता दिसला, की आपण तो उचलून ताटाच्या कडेला ठेवतो. शाळेच्या खिचडीतलाही तसाच टाकतो. हे मला पटत नाही.

फोडणीत पानाचा वास तेलात उतरतो, हे खरे. पण हाडांना लागणारे कॅल्शियम आणि पोट साफ ठेवणारा चोथा पानातच राहतो. म्हणजे वास घ्यायचा आणि सत्त्व फेकायचे! हा कुठला शहाणपणा?

आख्खे पान दाताखाली येते म्हणून नको वाटते ना? मग बारीक चिरून टाका. नाहीतर पाने वाळवून, परतून, तीळ, सुके खोबरे, लसूण, मीठ घालून चटणी कुटा. भाकरीबरोबर झ्याक लागते! मात्र कढीपत्ता म्हणजे औषध नव्हे. आजारी पडल्यावर डॉक्टरकडेच जावे.

जुन्नर, मंचरच्या बाजारातून तो विकत कशाला आणायचा? सह्याद्रीच्या रानात तो आपसूक वाढतो, मग आपल्या न्हाणीमागे का नाही वाढणार? जुन्या झाडाच्या मुळाशी रोपे फुटतात. शेजाऱ्यांकडून एक मागून पावसाळ्यात लावा.

प्रत्येक शाळेच्या परसबागेत कढीपत्त्याचे एक झाड हवे आणि ताटाबाहेर एकही पान नको, असे माझे मत आहे. तुम्हाला काय वाटते?