कोणता पौंड, कोणता मण?

वडनेर भोलजीहून नांदुऱ्याच्या किंवा मलकापूरच्या बाजारात कापूस, तूर, सोयाबीन जाते, तेव्हा अडत्या भाव बोलतो तो क्विंटलचा. हा शब्द आपणांस इंग्रजी वाटतो. त्याचे मूळ मात्र रोमन आहे. लॅटिन भाषेतील ‘सेंटेनेरियम’, म्हणजे शंभर पौंडांचे ओझे, ग्रीकांकडून अरबांकडे गेले आणि तेथे ‘किंतार’ झाले. अरब व्यापाऱ्यांकडून ते ‘क्विंटल’ होऊन युरोपात परतले आणि मेट्रिक पद्धतीबरोबर आपल्या काट्यावर येऊन बसले. या प्रवासात नाव टिकले, वजन मात्र तिप्पट झाले. रोमचे शंभर पौंड आजच्या मानाने सुमारे ३२.७ किलो भरतात. आपला क्विंटल १०० किलोचा.

रोमन पौंडाला ‘लिब्रा’ म्हणत. त्याचे वजन अभ्यासक साधारण ३२७ ग्रॅम धरतात. सापडलेली दगडी व धातूची वजने थोडी कमी-अधिक भरत असल्याने त्यात चार-पाच ग्रॅमांचा मतभेद राहतोच. लिब्राचे बारा भाग म्हणजे बारा ‘अन्सिया’, प्रत्येकी सुमारे २७.३ ग्रॅम. आपल्या सराफाच्या तोंडचा ‘औंस’ हाच. तोळ्याचे बारा मासे आणि लिब्राचे बारा अन्सिया हे साम्य मौजेचे आहे. बाराचे अर्धे, तिसरा हिस्सा, पाव सहज करता येतात, एवढेच त्यामागचे कारण असावे. एका किलोचे तीन लिब्रा आणि वर सुमारे पाऊण अन्सियाहून थोडे कमी, असा हिशेब बसतो. जुन्या व्यापाऱ्याला हे एका वाक्यात सांगता आले असते : लिब्रा म्हणजे जवळजवळ मुंबईचा कच्चा शेर. तो शेर ३१७.५ ग्रॅमचा होता.

गुणाकार सोपा आहे. कठीण आहे तो त्याच्या आधीचा प्रश्न. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हिंदुस्थानातून जाणाऱ्या काळ्या मिरीचा भाव पौंडाला ४ दिनार असा नोंदविला आहे. त्या काळचा चांदीचा दिनार सुमारे ३.४ ग्रॅमचा. म्हणजे किलोभर मिरीला सुमारे ४१ ग्रॅम, साडेतीन तोळे, वजनाची नाणी मोजावी लागत. पण वाचणाऱ्याने ‘पौंड’ पाहून ४५४ ग्रॅमचा इंग्रजी पौंड धरला, तर हाच भाव ३० ग्रॅमवर उतरतो. आकडेमोडीत कोठेही चूक नसताना हिशेब चौथाईहून अधिक खोटा ठरतो.

ही अडचण केवळ रोमची नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या चोपड्यांतील ‘मण’ असाच फसवा आहे. नांदुरा स्टेशनावरून कापसाच्या गाठी निघत, तेव्हा रेल्वेचे भाडे ज्या मणावर आकारले जाई तो ८२ पौंड आणि वर दोन-सप्तमांश पौंडाचा, म्हणजे ३७.३२ किलोचा. गाठी मुंबईला उतरल्या की मण २८ पौंडांचा, १२.७ किलोचा. दोन्ही मण ४० शेरांचेच, फरक शेरात. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे मुंबईचे २८ मण. तीच खंडी रेल्वेच्या पावतीवर साडेनऊ मण दिसे. एकाच गाडीतील एकाच मालाचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे! ज्याने ‘कोणता मण?’ असे विचारल्यावाचून सौदा केला नाही, त्याचीच पेढी टिकली असणार. ती खंडी आजही मेलेली नाही. कापसाचा घाऊक भाव अजून ३५६ किलोंच्या खंडीवर बोलला जातो. रोमन मापात ती भरते सुमारे १,०८६ लिब्रा.

नाव तेच ठेवून वजन उतरविण्याचा प्रकार राजांनीही केला. सम्राट नीरोने इसवी सन ६४ मध्ये एका लिब्रात ८४ ऐवजी ९६ दिनार पाडावयास लावले आणि चांदीचा कसही उतरविला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर चार माशांचा दिनार साडेतीन माशांवर आला. हिंदुस्थानात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत नीरोपूर्वीची, ऑगस्टस व टायबेरियस यांची नाणी फार मोठ्या प्रमाणात आहेत. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील माल गाड्यांतून भडोचला उतरे, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. भडोचला रोमन नाणी स्थानिक नाण्यांशी नफ्याने बदलली जात, हेही त्यातच आहे. आपल्याकडील सराफ सम्राटाचा चेहरा पाहत नव्हता, नाणे तराजूत टाकत होता, असे अनुमान यावरून करावयास माझी हरकत नाही.

जैन परंपरेने तर या विषयाला शास्त्राचे स्थान दिले आहे. अनुयोगद्वार सूत्रात धान्य मापण्याचे मान, तोलण्याचे उन्मान आणि सोने-चांदी, रत्ने, मोती यांच्यासाठी प्रतिमान असे वेगवेगळे वर्ग केलेले आहेत. प्रतिमानाचा आरंभ गुंजेपासून : पाच गुंजांचा एक कर्ममाषक, सोळा कर्ममाषकांचे एक सुवर्ण. रोमन लोकांची गुंज म्हणजे कॅरोब झाडाचे बी; ‘कॅरट’ हा शब्द त्याच बियांच्या ग्रीक नावावरून आला. अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त सोन्याचे, चांदीचे आणि इतर धातूंचे कोष्टक निरनिराळे दिले. म्हणजे वस्तू सांगितल्याखेरीज मापाचे नाव अपुरेच. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ गणलेले आहे, ते घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणाऱ्यासाठी.

आता घरातील गोष्ट. १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात मेट्रिक वजनेच सक्तीची झाली, तरी तोळा तोंडातून गेला नाही. गेले ते त्याचे वजन. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात ‘तोळा’ म्हटले की १० ग्रॅम समजतात. आजीच्या कागदावर ‘पंचवीस तोळे’ असतील तर ते २९१.६ ग्रॅम. नातवंडांनी २५० धरून वाटणी केली, तर एकेचाळीस ग्रॅमांहून अधिक सोने कोणाच्या तरी पदरात अधिक पडते किंवा हिशेबातून नाहीसे होते, आणि भावाभावांत मने दुखावतात. यात कोणाच्या मनात पाप नसतेही. कागद कोणत्या साली लिहिला, हे आधी पाहावे. मग दागिना सर्वांसमक्ष काट्यावर ठेवून ग्रॅमचा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहावा आणि खाली हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात.