चालायला जायचं, पण कुठे?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘रोज अर्धा तास चालणे.’ कुठे, ते मात्र लिहिलं नाही. म्हणून आमच्या गल्लीतल्या एक काकू गच्चीवरच चकरा मारतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस पावलं, की वळा. शुगर वाढलेली, गुडघे दुखतात. "रस्त्याने का जात नाही?" विचारलं तर म्हणाल्या, "गेली होती ना दोन दिवस. एक दिवस ट्रकनं घाबरवलं, दुसऱ्या दिवशी लोकांनी. ‘काहून वं, घरी काम नाही का?’"

खापरखेड्याच्या बायकांना यात नवीन काही वाटणार नाही. इथे १३४० मेगावॉटचं वीज केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, रस्त्याला जड वाहनं. वारा सुटला की राखेची धूळ. त्यात आपलं ऊन! २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मग बाईने चालावं कधी आणि कुठे?

पण गंमत बघा, चालण्यात आपण बायका मुळीच कमी नाही. नवरात्रात पायी कोराडीला जातो. रामटेकचा गड चढतो. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून कितीतरी जणी पचमढीजवळच्या नागद्वार यात्रेला जातात. भर पावसात सातपुड्याचे डोंगर चढायचे, निसरड्या वाटा उतरायच्या. तेव्हा कुणी म्हणत नाही की घरी काम नाही का! उलट परत आल्यावर शेजारीपाजारी पाया पडतात. देवासाठी चाललं तर पुण्य आणि स्वतःच्या तब्येतीसाठी चाललं तर रिकामपण? हे काही मला पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान १५० मिनिटं तरी भरभर चालण्याइतका व्यायाम हवा. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. एवढा वेळ आपला नाही का?

तेव्हा मैत्रिणींनो, एकटीने नाही, चौघींनी निघा. भिशीचा, हळदीकुंकवाचा ग्रुप असतोच, तोच उपयोगी पडेल. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत परत या. ट्रकचा रस्ता सोडून वसाहतीतले आतले रस्ते, शाळेचं मैदान निवडा. नदीकाठ सुंदर असतो, पण सुनसान असेल तर घोळक्यानेच जा. आणि महिन्यातून एखाद्या रविवारी लांब जा. अदासाच्या गणपतीचं दर्शन घेऊन टेकडीवर फिरा. रामटेकला गाडीने थेट वर न जाता अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गड चढा. वरून दिसणारी हिरवाई बघितली की गुडघ्याचं दुखणंही थोडा वेळ विसरायला होतं. डबा सोबत न्या, पण या दिवशी तो घरच्या पुरुषांनी भरला तर जास्त गोड लागेल!

अर्थात सगळंच आपल्यावर ढकलून चालणार नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागाही बायकांच्या आहेत. त्या सभेत हळदीकुंकवासारखं नुसतं बसून येऊ नका. पहाटे दोन तास जड वाहनांना बंद असलेला एक रस्ता मागा. त्यावर दिवे, दोन बाकं आणि एक स्वच्छ स्वच्छतागृह मागा. या काही फार मोठ्या मागण्या नाहीत. साऱ्या राज्याला वीज देणाऱ्या गावात बायकांच्या वाटेवर उजेड नसावा, हे बरं दिसतं का?

काकूंना आम्ही गच्चीवरून खाली उतरवलंय. पहिल्या दिवशी कोपऱ्यावर कुणीतरी विचारलंच, "कुठं चालल्या एवढ्या पहाटे?"

काकूच म्हणाल्या, "कुठं नाही. चालायला चाललो."